आम्हाला चालवून घेऊ नका

दुसऱ्याला सूट देणे, त्याचे लाड पुरवणे, त्याच्या चुकीकडे काणाडोळा करणे, त्याला सहन करणे यासाठी इंग्रजी भाषेत शब्दांची मोठी बिरादरी आहे. इंडल्ज, पॅम्पर, ह्यूमर, अलाउ, परमिट, टॉलरेट, कन्डोन, कनाइव्ह, अपीज. प्रत्येकाची छटा वेगळी. पॅम्पर म्हणजे लाडावून ठेवणे. ह्यूमर म्हणजे एखाद्याच्या कलाने घेणे. कन्डोन म्हणजे गुन्हा झाला हे ठाऊक असूनही तो पोटात घालणे. कनाइव्ह म्हणजे डोळे मिटून घेणे. त्याच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच तो आहे. छटा कितीही असोत, या साऱ्या शब्दांचे व्याकरण मात्र एकच आहे. कर्ता वरच्या पायरीवर असतो आणि कर्म खालच्या पायरीवर. आई मुलाचे लाड करते, शेठ नोकराला सूट देतो, साहेब कारकुनाची चूक पोटात घालतो. नोकराने शेठला सूट दिली असे वाक्य कोणी बोलत नाही. बोललाच तर लोक हसतात.

गेली कित्येक दशके या देशातल्या मुसलमानाविषयी जे बोलले जाते, ते याच शब्दांतून बोलले जाते. जे आमच्या बाजूचे म्हणवतात ते टॉलरन्स मागतात. जे आमच्या विरुद्ध आहेत ते अपीजमेंटचा आरोप करतात. एकजण म्हणतो, यांना सहन करा. दुसरा म्हणतो, यांचे फार लाड झाले. दोघांचे भांडण हाडवैराचे वाटते, पण दोघांच्या वाक्यात कर्ता दुसराच कोणीतरी आहे आणि कर्म आम्ही आहोत. आमची तक्रार या व्याकरणाबद्दल आहे. शब्दांचा कीस काढण्याची हौस म्हणून हा लेख लिहिलेला नाही. शब्द ज्या पायरीवर बसवतो त्या पायरीवर माणूस पुढे पिढ्यान्‌पिढ्या बसून राहतो, म्हणून लिहिला आहे.

टॉलरन्सपासून सुरुवात करू. मराठीत आपण त्याला सहिष्णुता म्हणतो आणि त्याला देव्हाऱ्यात ठेवतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र साधा आहे : सोसणे, ओझे वाहणे. हा शब्द आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांना आमच्यापेक्षा चांगला कळतो, कारण ती औद्योगिक वसाहतीत लेथवर आणि सीएनसी मशिनवर उभी असतात. ड्रॉइंगवर लिहिलेले असते : शाफ्ट पंचवीस मिलिमीटर, अधिक-उणे दोन शतांश. हे अधिक-उणे म्हणजे टॉलरन्स. माप चुकले तरी किती चुकलेले चालेल, याची ती हद्द. त्या हद्दीत आहे तोवर जॉब पास, हद्द ओलांडली की रिजेक्टच्या पेटीत. योग्य माप कोणते हे आधीच ठरलेले असते आणि बाकी सारी चूक असते; काही चूक चालवून घेण्याजोगी, काही न घेण्याजोगी.

हीच भाषा आता माणसांना लावून पाहा. शहरात घर भाड्याने घ्यायला गेलेल्या आपल्या मुलांनी एक वाक्य हमखास ऐकलेले आहे : ‘आमच्या सोसायटीत मुसलमान चालत नाहीत.’ आणि अधूनमधून एखादा उदार घरमालक सांगतो, ‘आम्हाला तसे काही नाही, आम्हाला मुसलमान चालतात.’ पहिल्याचा राग यावा हे उघड आहे. पण दुसऱ्याचे आभार का मानावेत? त्यानेही आम्हाला मापले आहे आणि अधिक-उण्यात बसवले आहे. भाडे आमचे, करार कायद्याचा, पैसे आगाऊ. तरीही उपकार त्याचेच. ‘चालतात’ हा शब्द नाणे चालते तसा आहे. कालपर्यंत चालणारे नाणे रात्रीतून चालेनासे होते, हे २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये साऱ्या देशाने पाहिले आहे.

इंडल्जन्स या शब्दाचा इतिहास तर आणखी बोलका आहे. युरोपात तो आधी धर्मपीठाचा शब्द होता : पापाच्या शिक्षेत मिळणारी सूट. ही सूट पैसे घेऊन विकली जाऊ लागली आणि १५१७ साली मार्टिन लूथरने त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे इंग्लंडात तो राजाचा शब्द झाला. तिथे सरकारी चर्चबाहेर प्रार्थना करणे, परवान्यावाचून प्रवचन देणे हा गुन्हा होता. जॉन बन्यन नावाचा एक भांडी कल्हई करणारा, दुरुस्त करणारा कारागीर. तो परवान्यावाचून प्रवचन देई म्हणून १६६० साली त्याला पकडले आणि तो सुमारे बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात राहिला. १६७२ साली दुसऱ्या चार्ल्स राजाने एक जाहीरनामा काढला. त्याचे नावच इंडल्जन्सचा जाहीरनामा. राजाने सूट दिली, बन्यन सुटला, त्याला प्रवचनाचा परवाना मिळाला. पण पार्लमेंटने नेट लावला आणि पुढच्याच वर्षी, १६७३ साली, राजाला जाहीरनामा मागे घ्यावा लागला. पुढे परवाने रद्द झाले आणि बन्यन पुन्हा तुरुंगात गेला. या साऱ्या काळात त्याने काय बदलले होते? काहीच नाही. तोच माणूस, तीच प्रवचने. एकदा गुन्हा, मग सूट, मग पुन्हा गुन्हा. सुटेचा हा स्वभाव आहे. ती देणाऱ्याच्या खिशात असते, घेणाऱ्याच्या नव्हे.

१६८९ साली इंग्लंडात टॉलरेशनचा कायदा झाला. शाळेच्या पुस्तकांत त्याची फार वाहवा असते. त्या कायद्याने चर्चपासून फुटलेल्या प्रोटेस्टंट पंथीयांना आपल्या पद्धतीने प्रार्थना करता येऊ लागली, हे खरे. पण कॅथलिकांना त्यात जागा नव्हती. ज्यांना जागा मिळाली त्यांनाही सरकारी पदांचे दरवाजे कायद्याने बंदच राहिले. ती अट रद्द व्हायला १८२८ उजाडले. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसायला १८२९ लागले आणि यहुदी माणसाला तिथे आपल्या धर्माची शपथ घेऊन बसायला १८५८. म्हणजे ‘तुम्हाला सहन करू’ इथपासून ‘तुम्ही आमच्या बरोबरीचे’ इथपर्यंत यायला त्या भाषेच्या मायदेशात दीडशेहून अधिक वर्षे गेली. सहन करणे आणि बरोबरीचे मानणे यांत एवढे अंतर आहे.

हे अंतर त्यांच्यातल्याच शहाण्यांनी ओळखले होते. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९० साली न्यूपोर्टच्या यहुदी मंडळींना एक पत्र लिहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : एका वर्गाने दुसऱ्या वर्गाला सूट दिली म्हणून दुसरा आपले नैसर्गिक हक्क भोगतो, अशा टॉलरेशनची भाषा आता आमच्याकडे उरलेली नाही. हे लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत होते, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. पण विचार खोटा ठरत नाही. पुढच्याच वर्षी, १७९१ साली, थॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ आला. त्यात पेनचे म्हणणे असे की टॉलरेशन हे असहिष्णुतेच्या उलट नाही, ते तिचेच बनावट रूप आहे. एकजण म्हणतो, माझ्याकडे तुझ्या श्रद्धेचे स्वातंत्र्य काढून घेण्याचा अधिकार आहे. दुसरा म्हणतो, माझ्याकडे ते देण्याचा अधिकार आहे. पण हा अधिकार मुळात त्यांच्याकडे आला कुठून?

मराठी वाचकाला हा ग्रंथ परका नाही. जोतीराव फुल्यांनी तो तरुणपणी, १८४७ च्या सुमारास, वाचला. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला तेव्हा शूद्रातिशूद्रांना थोडी सवलत द्या, अशी विनवणी कोणाकडे केली नाही. माणसाला निर्मिकाने जे दिले ते भटशाहीने दडपले आहे, ते परत घ्यायचे आहे, अशी त्यांची भाषा होती. हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात आपल्या मंडळाला मुस्लिम सत्यशोधक हेच नाव दिले. दलवाईंच्या सगळ्या मांडणीशी आमच्या वाचकांपैकी सारेच सहमत नसतील. त्यांच्या हयातीतही नव्हते. पण पेन, फुले आणि दलवाई यांना जोडणारा धागा हा आहे : जे माणसाचे आहे ते मागून घ्यायचे नसते.

आता अपीजमेंटकडे वळू. मराठी वृत्तपत्रांनी त्याला अनुनय म्हटले, हिंदीवाल्यांनी तुष्टीकरण म्हटले, आणि सभांमधल्या वक्त्यांनी लांगूलचालन. अपीज या शब्दाच्या पोटात शांतता आहे. शांत करणे एवढाच त्याचा जुना अर्थ. १९३८ पूर्वी ब्रिटिश मुत्सद्दी तो शब्द मानाने वापरीत. त्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर म्युनिक येथे ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी फ्रान्ससह हिटलरशी करार केला आणि चेकोस्लोव्हाकियाचा सुदेतेन प्रदेश त्याला देऊन टाकला. चेकोस्लोव्हाकियाच्या प्रतिनिधींना त्या बैठकीत जागाही नव्हती. सहा महिन्यांत, मार्च १९३९ मध्ये, हिटलरचे सैन्य प्रागमध्ये शिरले. तेव्हापासून अपीजमेंट ही शिवी झाली.

या शब्दाचा अर्थ नीट पाहा. ज्याच्या हातात सैन्य आहे, रणगाडे आहेत, जो चाल करून येणार आहे, त्याला घाबरून दुसऱ्याच्या मालकीची वस्तू देऊन शांत करणे म्हणजे अपीजमेंट. हा शब्द आपल्या देशात आला आणि कोणाला लावला गेला? मालेगावच्या यंत्रमागावर बसणाऱ्याला, भिवंडीच्या हमालाला, पंक्चर काढणाऱ्याला, बागवानाला, पिंजाऱ्याला. म्हणजे दुबळ्याला आक्रमकाची टोपी घातली गेली.

आकडे पुष्कळदा सांगून झाले आहेत, तरी पुन्हा सांगावे लागतात. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर यांच्या समितीने २००६ साली अहवाल दिला. २००१ च्या जनगणनेप्रमाणे देशात मुसलमान १३.४ टक्के. भारतीय प्रशासकीय सेवेत ३ टक्के, परराष्ट्र सेवेत १.८ टक्के, पोलीस सेवेत ४ टक्के. त्याच अहवालात असेही नोंदवले आहे की हा समाज एकाच वेळी दोन ओझी वाहतो : देशद्रोही असल्याचा संशय आणि लाडका असल्याचा आरोप. स्वातंत्र्यानंतर जवळजवळ साठ वर्षे लाड होऊन ज्याच्या ताटात एवढे पडले, त्याचे लाड न होते तर काय झाले असते? लाडावलेले पोर निदान अंगाने भरलेले तरी असते.

लांगूलचालन या शब्दाची गंमत निराळी. लांगूल म्हणजे शेपूट. भर्तृहरीच्या नीतिशतकात हा शब्द येतो, तो कुत्र्याच्या संदर्भात. घास देणाऱ्यापुढे कुत्रा शेपूट हलवतो. म्हणजे मुसलमानांचे लांगूलचालन होते असे जो म्हणतो, तो व्याकरणाने असे कबूल करतो की घास देणारे मुसलमान आहेत आणि शेपूट हलवणारे दुसरे कोणी. घास कोणता? मत. निवडणूक आली की शेपूट हलते, घास पडला की कुत्रा आपल्या वाटेने जातो. हा शब्द ज्यांनी आमच्या तोंडावर फेकला, त्यांनी तो राजकारण्यांच्या तोंडावर फेकायला हवा होता. आमची त्याला हरकत नव्हती.

हज सबसिडीचेच पाहा. वर्षानुवर्षे प्रत्येक सभेत तिचा उद्धार व्हायचा. ती सूट विमानाच्या तिकिटात होती आणि तिकीट काढायचे स्वातंत्र्य हाजीला नव्हते. हज कमिटीमार्फत जाणाऱ्याला ठरवून दिलेल्या कंपनीच्याच विमानाने, ठरवून दिलेल्या भाड्यात जावे लागे. पैसा हाजीच्या नावावर पडे आणि विमान कंपनीच्या खात्यात जाई. ऐपत असेल त्यावरच हज फर्ज आहे, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. म्हणून ही सबसिडी बंद करा असे मुसलमानांतूनच अनेकांनी सांगितले होते. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दहा वर्षांत संपवा असा आदेश दिला, त्यात कुरआनमधल्या याच ऐपतीच्या अटीचा आधार घेतला. २०१८ च्या जानेवारीत सरकारने ती बंद केली. मोहल्ल्यात कोणी रडले नाही. पण लाडाचा आरोप मात्र तिच्याबरोबर संपला नाही, कारण तो आरोप सबसिडीवर कधी उभाच नव्हता.

पंढरीच्या वाटेवर सरकार पाण्याचे टँकर लावते, दवाखाने उभारते, रस्ते करते. ते केलेच पाहिजे. लाखो कष्टकरी माणसे पायी चालतात, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपलेही लोक पाणी-चहा घेऊन उभे राहिले आहेत. त्याला कोणी वारकऱ्यांचे लांगूलचालन म्हणत नाही आणि म्हणूही नये. नागरिकाला मिळाले तर ती सोय, आणि आम्हाला मिळाले तर ते लाड, हा हिशोब मात्र एकदा कोणीतरी समजावून द्यावा.

इथवर वाचून आपल्यातले काही पुढारी खूश झाले असतील. त्यांच्याशी आता बोलायचे आहे. आपल्या राजकारणाचा एक मोठा हिस्सा याच सुटेवर जगला. इफ्तारची दावत, मुशायऱ्याला पाहुणे, कब्रस्तानच्या भिंतीला निधी, महामंडळावर एक खुर्ची. मग चौकात फ्लेक्स : अमुक साहेबांनी आपली मागणी मान्य केली, समाजातर्फे हार्दिक आभार. कब्रस्तानची भिंत ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. करातून ती बांधायची असते आणि कर आपणही भरतो. पण पुढाऱ्याला ती जबाबदारी नको असते, मेहेरबानी हवी असते, कारण मेहेरबानीतच त्याची दलाली आहे. हक्काला दलाल लागत नाही. म्हणून शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या हक्काचा प्रश्न आला की हीच मंडळी गप्प. २०१४ साली महाराष्ट्र सरकारने मुसलमानांतल्या मागास घटकांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला. उच्च न्यायालयाने नोकरीतल्या भागाला स्थगिती दिली, पण शिक्षणातला भाग त्या टप्प्यावर अडवला नाही. सरकार बदलले, अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि तो डिसेंबरमध्ये मुदत संपून मेला. बन्यनच्या परवान्याची गोष्ट दुसरी काय होती? निवडणुकीच्या तोंडावर मिळालेली सूट निवडणुकीनंतर संपली. त्या आधी पंधरा वर्षे सत्ता हातात असताना कायदा का झाला नाही, हा प्रश्न फ्लेक्स लावणाऱ्यांनी विचारला नाही.

आणि जे खरोखर अपीजमेंट म्हणता येईल असे एक प्रकरण घडले, त्याबद्दलही स्पष्ट बोलू. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने शाहबानोच्या बाजूने निकाल दिला. इंदूरची ही बाई, १९३२ साली लग्न झालेली, पाच मुलांची आई. उतारवयात घराबाहेर काढली गेली. वकील नवऱ्याकडून उच्च न्यायालयाने तिला मंजूर केलेली पोटगी होती महिना १७९ रुपये २० पैसे. हा निकाल निष्फळ करण्यासाठी १९८६ साली संसदेने कायदा केला. तेव्हापासून आजवर त्याला ‘मुसलमानांचा अनुनय’ म्हणतात. कोणत्या मुसलमानांचा? शाहबानो मुसलमान नव्हती काय? म्युनिकच्या बैठकीत जसा चेकोस्लोव्हाकिया नव्हता, तशी दिल्लीच्या त्या वाटाघाटींत ती नव्हती. मूठभर पुरुषांना शांत करण्यासाठी तिच्या ताटातले उचलून दिले गेले. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला अयोध्येतले कुलूप उघडले, म्हणजे दुसऱ्या बाजूलाही घास टाकला गेला. एका घासाची किंमत मुसलमान बाईने मोजली. दुसऱ्याची किंमत १९९२–९३ साली मुंबईने मोजली. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने दानियाल लतीफी खटल्यात त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की घटस्फोटितेच्या पुढच्या आयुष्याचीही वाजवी तजवीज नवऱ्याने इद्दतीच्या मुदतीतच केली पाहिजे. जे तिचे होते ते न्यायालयाच्या वाटेने परत आणावे लागले.

म्हणून ज्या बंधूंना अपीजमेंट या शब्दाची चीड येते त्यांनी हेही लक्षात घ्यावे की आपल्यातल्या पुरुषांना दिलेली सूट म्हणजे समाजाला दिलेला हक्क नव्हे. १९६६ साली दलवाईंनी सात मुस्लिम बायका घेऊन मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा नेला. त्या सातजणी कोणाचे लाड मागायला गेल्या नव्हत्या. आणि त्यांना रोखू पाहणारे त्यांच्याच घराशेजारचे होते.

हे व्याकरण घरातही तपासावे लागेल. ‘आमच्याकडे मुलींना शिकू देतात.’ ‘सुनेला नोकरी करू दिली.’ ही वाक्ये किती अभिमानाने बोलली जातात! मराठीतले हे ‘ऊ देणे’ म्हणजे इंग्रजीतले अलाउ आणि परमिटच. मुलगा शिकतो, मुलीला शिकू देतात. तो नोकरी करतो, तिला करू देतात. त्याच्या वाक्यात तो कर्ता आहे, तिच्या वाक्यात कर्ता दुसराच. बाहेरच्या जगाने आम्हाला कर्म केले म्हणून तक्रार करायची आणि उंबरठ्याच्या आत बहिणीला, बायकोला, मुलीला कर्म करून ठेवायचे, हा दुटप्पीपणा आहे. दिलेली परवानगी एका तिमाहीच्या कमी गुणांनी, एका शेजाऱ्याच्या टोमण्याने मागे घेतली जाते.

हाजी अलीच्या दर्ग्यात बायका वर्षानुवर्षे मजारीपर्यंत जात होत्या. मग विश्वस्तांनी बंदी घातली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवली आणि त्या वर्षाअखेर बायका पुन्हा आत गेल्या. ज्यांना वाटत होते की आपल्याला आत येऊ देतात, त्यांना कळले की येऊ देणारा उद्या अडवूही शकतो. मशिदीतल्या नमाजाचेही तसेच. पुण्याच्या एका दाम्पत्याने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, तेव्हा २०२० साली पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितले की स्त्रियांना मशिदीत नमाज पढण्याची परवानगी आहे. परवानगी आहे, पण बहुतेक मशिदींत त्यांच्यासाठी सफ नाही, वजूची जागा नाही. पैगंबरांच्या काळी मदिनेच्या मशिदीत बायका नमाजाला येत असत. जे तिथे होते त्याला इथे परवानगी म्हणायचे?

आमचे काही धर्मनिरपेक्ष मित्र आता अस्वस्थ होतील. ते म्हणतील, ‘अहो, काळ कसा आला आहे ते पाहा. सहिष्णुता टिकली तरी पुष्कळ. तुम्ही तीही नको म्हणता?’ त्यांचा हेतू चांगला आहे. झुंड दारात उभी असते तेव्हा शेजाऱ्याने आम्हाला निदान सोसले तर जीव वाचतो, हे आम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळते. सहिष्णुता निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. मतांच्या बाबतीत ती हवीच. मला न पटणारे पुस्तक, न आवडणारे भाषण, माझ्या श्रद्धेला टोचणारा प्रश्न मी सोसला पाहिजे. आपल्यातल्याही पुष्कळांनी हे सोसणे शिकायचे आहे. पण मत सोसायचे असते, माणूस नव्हे. शेजाऱ्याचे असणे ही सोसण्याची बाब झाली की शेजार संपला. मग तो किती दिवस सोसतो एवढाच प्रश्न उरतो.

मग आमच्याकडे शब्द कोणता आहे? खरे तर आपल्या मराठीतच तो पडून आहे. मुभा हा शब्द अरबी मुबाहवरून आला. फिकहमध्ये मुबाह म्हणजे जे करावे अशी सक्ती नाही आणि करू नये अशी मनाईही नाही. माणसाचे स्वतःचे मोकळे रान. ते कोणी द्यायचे नसते. मराठीत येता येता ‘मुभा दिली’ असे बोलू लागले आणि मोकळ्या रानाला मालक मिळाला. रुखसत हाही असाच शब्द. प्रवासी, आजारी, गर्भवती यांना रोजा पुढे ढकलण्याची सूट आहे. पण ही सूट काजीच्या मर्जीवर नसते. ओझे आहे म्हणून सूट आहे. ती घेणाऱ्याला कोणी लाडका म्हणत नाही, मान खाली घालायला लावत नाही. शिष्यवृत्ती, आरक्षण, वसतिगृह यांच्याकडे याच दृष्टीने पाहायला हवे. मागासलेपणाचे ओझे आहे म्हणून ती आहेत, धर्म अमुक म्हणून नव्हेत. मंडल आयोगानंतर बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी यांनी इतर मागासवर्गीय म्हणून जो लढा दिला, तो याच पायावर दिला. उद्या ओझे उतरले की सूटही उतरेल, आणि उतरलीच पाहिजे.

या बाबतीत आमचा आदर्श महाड आहे. १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले झाल्याचे जाहीर केले. परवानगी कागदावर तयार होती. तरी पाण्याला हात लावण्याची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसे घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा ते तळे खुले झाले. परवानगीने जे तीन वर्षांत झाले नाही ते माणसाने कर्ता होताच झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सत्याग्रह परिषदेच्या मंडपाला महाडात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली. आपण कोणाच्या बाजूला उभे राहायचे हे त्या माणसाला कोणत्याही भाषणावाचून कळले होते. त्याने दलितांना ‘चालवून’ घेतले नाही. तो त्यांच्या बाजूने उभा राहिला.

तेव्हा वाचकहो, निदान एवढे करू या. नळाला पाणी आले, रस्ता झाला, शाळेला तुकडी मिळाली म्हणून आभाराचा फ्लेक्स लावायचा नाही. घर दाखवणाऱ्याने ‘आम्हाला मुसलमान चालतात’ म्हटले तर भाडे किती आणि करार कधी एवढेच विचारायचे. ‘तुमचे फार लाड झाले’ म्हणणाऱ्याला रागावण्यापूर्वी लाडांची यादी मागायची आणि ती शांतपणे आकड्यांनी तपासायची. घरात मुलीला ‘शिकू देतो’ म्हणण्याची सवय मोडायची. ती शिकते आहे, एवढेच म्हणायचे. आणि लिहिणाऱ्यांनी, १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून जे म्हटले ते पुन्हा म्हणायचे : ही भाषा आमची आहे. शेख महंमद श्रीगोंदेकरांनी तिच्यात लिहिले, अमर शेखांनी तिच्यात गायले. त्यांना कोणी लिहू दिले नव्हते, गाऊ दिले नव्हते. त्यांनी लिहिले, त्यांनी गायले.

लाड नकोत, सूट नको, सहन करणेही नको. जे हवे आहे त्याला मराठीत हक्क म्हणतात. शब्द अरबीतून आला, पण इथल्या शेतकऱ्याने, गिरणी कामगाराने, दलिताने तो इतका घासला आहे की त्याच्यावर आता कोणा एकाची मालकी उरलेली नाही. त्याच्या वाक्यात कर्ता कोण हे विचारावे लागत नाही.